तीन मजली काठ्या निघाल्या गल्लीतून!

ए दोस्ता, जरा बाहेर जा आणि एखाद्या इमारतीचा तिसरा मजला बघून ये. बघितलास? आता तिथपर्यंत पोचेल एवढी उंच काठी डोळ्यांसमोर उभी कर. सुमारे ३० फूट!

आता ती काठी कमरेला बांधलेल्या पट्ट्यात रोव. सरळ उभी ठेव. आणि लाग चालायला! अरुंद गल्लीतून, वळणावळणानं, दोन्ही बाजूंच्या गर्दीतून.

छे, असं कुणी चालतं का? चालतं की! दरवर्षी संक्रांतीला, आपल्या सोलापुरात! आणि काठी एक नसते बरं का. सात असतात!

या काठ्यांना म्हणतात नंदीध्वज. त्या निघतात उत्तर कसब्यातल्या हिरेहब्बू वाड्यातून. कसबा म्हणजे सोलापूरचा सगळ्यात जुना भाग. इथल्या गल्ल्यांमधून फिरताना पाट्या नक्की वाच. फार गंमत येते! बाळीवेस, तुळजापूर वेस, विजापूर वेस, कुंभार वेस. वेस म्हणजे गावात शिरायचा दरवाजा. पण दरवाजा शोधायला गेलास तर? रिक्षा दिसेल, भाजीची गाडी दिसेल, वेस काही दिसायची नाही! जुना तट गेला, दारं गेली, नावं तेवढी लोकांच्या तोंडी राहिली.

आणि पेठा? मंगळवार पेठ, बुधवार पेठ, गुरुवार पेठ, शुक्रवार पेठ. जणू शाळेचं वेळापत्रकच! मध्येच एक साखर पेठसुद्धा आहे. (मला हे नाव सगळ्यांत जास्त आवडतं.)

पण या गल्ल्यांमध्ये खरी गंमत वेगळीच दडली आहे. सुमारे साडेआठशे वर्षांपूर्वी इथे सिद्धरामेश्वर नावाचे मोठे योगी राहत होते. आपण त्यांना सिद्धेश्वर म्हणतो. लोकांना सोबत घेऊन त्यांनी मोठा तलाव खोदला. आज त्यांचं मंदिर त्याच तलावात, पाण्याच्या मधोमध आहे. आणि गावात व गावाभोवती त्यांनी शिवलिंगं स्थापन केली असं सांगतात. किती, ओळख पाहू!

दहा? वीस?

अडुसष्ट! ६८!

भोगीच्या दिवशी, म्हणजे संक्रांतीच्या आदल्या दिवशी, सातही नंदीध्वज या ६८ लिंगांच्या भेटीला निघतात. प्रत्येक लिंगाला तेलाचा अभिषेक होतो. सोलापूरकर त्याला यण्णीमज्जन म्हणतात. सकाळी निघालेली मिरवणूक दिवसभर चालतच असते. ‘एकदा भक्तलिंग हर्र बोला हर्र!’ असा गजर सुरू झाला की अख्खी गल्ली घुमते!

आता तुझ्या डोक्यात एक प्रश्न नक्की वळवळत असणार. एवढी उंच काठी पडत कशी नाही?

चल, प्रयोग करू. नवी पेन्सिल घे आणि बोटाच्या टोकावर उभी कर. टप्प! पडली ना? आता लांब दांड्याचा झाडू घे. दांड्याचं टोक तळहातावर ठेव, झाडायची बाजू वर. डोळे वरच्या टोकावर. झाडू कलेल तिकडे हात सरकव. काय झालं? राहिला की उभा!

गंमत आहे की नाही? छोटी पेन्सिल पडते आणि मोठा झाडू राहतो!

याचं कारण असं. उंच वस्तू पडताना सावकाश कलते. पेन्सिल इतक्या झटकन आडवी होते की हात हलवायला वेळच मिळत नाही. झाडू आपल्याला थोडा वेळ देतो. नंदीध्वज तर नव्या पेन्सिलीच्या साधारण ५० पट उंच! मग तो कलायला ५० पट वेळ घेतो का? नाही. सुमारे ७ पट. (७ गुणिले ७ किती होतात बघ. ५० च्या किती जवळ!) पण तेवढ्या वेळात काठी पेलणारा एक पाऊल पुढे किंवा मागे टाकू शकतो. काठीचा तोल सांभाळायचा तर तिच्याखालीच सरकत राहायचं. झाडूखाली तुझा हात सरकतो, नंदीध्वजाखाली अख्खा माणूस!

आता आणखी एक. तोच झाडू उलटा करून तोलून बघ. झाडायची जड बाजू हातावर, दांडा वर. अवघड जातं ना? वजन वरच्या बाजूला असेल तर काठी आणखी सावकाश कलते. नंदीध्वज तर फुलांच्या हारांनी नटलेले असतात!

म्हणजे सोपं आहे का हे? मुळीच नाही! वजन भरपूर असतं. काठी एकदा फार कलली की तिला आवरणं महाकठीण. वरून वाऱ्याची झुळूक आली तर? म्हणूनच संक्रांतीच्या कितीतरी आधीपासून सराव चालतो. मिरवणुकीत आजूबाजूला मदतीला माणसं असतात आणि दमलेल्याकडून दुसरा काठी घेतो. मला या माणसांचं मनापासून कौतुक वाटतं. त्यांचा पांढराशुभ्र पोशाख ओळखायचा कसा? अंगरख्याला बटणंच नसतात! बारा बंद बांधायचे. म्हणून तो बाराबंदी.

आणि एवढं नटूनथटून हे सगळे कुठे निघालेत, माहितीये? लग्नाला!

हो, लग्नाला! गोष्ट अशी सांगतात, की एक कुंभाराची मुलगी सिद्धेश्वरांच्या दारात रोज सडा घालायची, रांगोळी काढायची. तिला त्यांच्याशीच लग्न करायचं होतं. पण ते तर योगी! मग त्यांनी तिला आपल्या योगदंडाशी लग्न करायला सांगितलं. योगदंड म्हणजे योग्याच्या हातातली काठी. नंदीध्वज हे त्या योगदंडाचंच रूप. संक्रांतीच्या दिवशी मंदिराजवळच्या संमती कट्ट्यावर हे लग्न लागतं. आणि अक्षता टाकायला कोण? जमलेले हजारो लोक! इथे सगळं गावच वऱ्हाडी. कुणी घरी मराठी बोलतं, कुणी कन्नड, कुणी तेलुगू. अक्षता मात्र एकाच वेळी उडतात!

दुसऱ्या दिवशी किंक्रांत. त्या दिवशी होम मैदानावर होम होतो. आणि मग रात्री कोण येतं सांगू? एक वासरू!

जुन्या फौजदार चावडीजवळ लोक जमतात. दिवसभर उपाशी ठेवलेल्या वासरासमोर धान्य, गूळ, बोरं, गाजर असं काय काय मांडतात. ते काय हुंगतं, कशाला तोंड लावतं, बुजतं की शांत राहतं, यावरून पुढचं वर्ष कसं जाईल ते सांगतात. याला म्हणतात भाकणूक. आता, वासराला पुढचा पाऊस कळतो असं विज्ञान काही म्हणत नाही हं! त्यासाठी हवामान खातं आहे. पण पावसाची वाट बघणाऱ्या या कोरड्या मुलखात सगळे कसे श्वास रोखून त्या पिल्लाकडे बघत असतात!

आणि त्यानं तिथेच, सगळ्यांसमोर, शू केली तर?

हसू नकोस! मग तर सगळे जाम खूश. यंदा पाऊस चांगला!