जुन्या एकबारी रायफली : संग्रह आणि सुधारणा

एका वेळी एकच काडतूस भरायचं, नेम धरायचा, बार काढायचा आणि पुन्हा हाताने भरायचं, ही एकबारी रायफलची रीत. अमेरिकेत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात अशा रायफली शिकारीत आणि नेमबाजीच्या स्पर्धांत गाजल्या. आज त्या संग्राहकांना भुरळ घालतात. पण जुनी रायफल घेऊन ती ‘सुधारण्याच्या’ भरात अनेक चांगल्या वस्तूंची नासाडी होते. ती टाळायची कशी, हे विंचेस्टर 1885 या रायफलीच्या आधारे पाहू.

ब्राउनिंगची देणगी

युटामधल्या ऑग्डेन गावातल्या जॉन ब्राउनिंगला 1879 मध्ये या रचनेचं पेटंट मिळालं. 1883 मध्ये विंचेस्टर कंपनीचे टी. जी. बेनेट स्वतः ऑग्डेनला गेले आणि 8,000 डॉलरला हक्क घेऊन परतले. 1885 ते 1920 या काळात अशा सुमारे 1,40,000 रायफली तयार झाल्या.

रचना साधी आणि भक्कम आहे. चापाखालची तरफ खाली ओढली की नळीचं मागचं तोंड बंद करणारा पोलादी ठोकळा सरळ खाली उतरतो. काडतूस सरकवून तरफ वर घेतली की ठोकळा पुन्हा जागेवर बसतो. चौकटीच्या भिंती उंच असलेला ‘हाय वॉल’ प्रकार दमदार काडतुसांसाठी, तर ‘लो वॉल’ लहान काडतुसांसाठी.

विकत घेताना

आधी रायफल रिकामी असल्याची खात्री करावी आणि मग बारकाईने पाहावं. अष्टकोनी नळीच्या कडा धारदार आहेत की गोलावल्या आहेत? कोरलेली अक्षरं ठसठशीत आहेत की पुसट? कडा गोल आणि अक्षरं पुसट असतील, तर कुणीतरी घासून नवी चमक आणली आहे असं समजावं. स्क्रूच्या खाचा फाटलेल्या असतील, तर चुकीच्या पेचकसाने रायफल उघडली गेली आहे.

नळीच्या आत उजेड टाकून पिळदार आटे तपासावेत. काळ्या दारूची राख हवेतली ओल शोषते, त्यामुळे साफसफाईत हयगय झालेली नळी आतून गंजाने खाल्लेली निघते. नळीवर कोरलेल्या काडतुसाच्या नावावरही विसंबू नये. मधल्या काळात कुणी ती मोठ्या काडतुसासाठी कोरून घेतलेली असू शकते. जाणकार बंदूक-कारागिराकडून काडतुसाच्या घराचा साचा काढून घ्यावा.

सुधारणा कुठवर?

माझ्या मते कसोटी एकच : केलेला बदल परत काढता यायला हवा. घोड्यामागच्या पट्टीवर बसणारा, बारीक छिद्रातून नेम धरण्याचा उभा साइट ही उत्तम सुधारणा आहे. पुष्कळ रायफलींत त्यासाठीची भोकं कारखान्यातूनच आलेली असतात, त्यामुळे नवं भोक पाडावं लागत नाही. दुर्बीण लावण्यासाठी मात्र नळीला भोकं पाडली, तर तो घाव कायमचा राहतो आणि किंमतही पडते.

याला एक अपवाद आहे. नळी आतून पार गेलेली असेल, तर ती आतून कोरून पातळ नवी नळी बसवता येते. बाहेरचं मूळ रूप तसंच राहतं आणि रायफल पुन्हा वापरात येते. काढलेला प्रत्येक मूळ भाग चिठ्ठी लावून जपावा.

दारूचा धोका

.45-70 हे काडतूस 1873 मध्ये काळ्या दारूसाठी आलं. आज त्याच नावाने कितीतरी जास्त दाबाची काडतुसंही मिळतात. ती जुन्या रायफलीत घालणं जिवावर बेतू शकतं. कारागिराने तपासल्याशिवाय एकही बार काढू नये.

कायदा

अमेरिकेच्या 1968 च्या संघीय कायद्यानुसार 1898 पर्यंत बनलेली बंदूक पुरातन मानली जाते. राज्यांचे नियम मात्र वेगळे असू शकतात. तिथल्या मराठी संग्राहकांनी आपल्या राज्याचा नियम आधी पाहावा. भारतात शस्त्र कायदा 1959 लागू होतो आणि 2019 च्या दुरुस्तीनंतर सर्वसाधारण परवानाधारकाला दोनच बंदुका ठेवता येतात. वाडवडिलांकडून आलेली रायफल घरात असेल, तर ती पुरातन आहे असं परस्पर ठरवू नका. आधी परवाना अधिकाऱ्यांकडून लेखी खुलासा घ्या आणि मगच तिला हत्यार लावा.