सेकंदाला साडेसात हजार

ऑगस्ट 2025 या एका महिन्यात देशात यूपीआयवरून 2001 कोटी व्यवहार झाले. कोटींचे आकडे रोज कानावर पडतात, म्हणून हाही तसाच निघून जातो. तो सेकंदांत मोडून पाहा. रात्रंदिवस, पहाटेचे तीनसुद्धा धरून, दर सेकंदाला सुमारे 7,470 व्यवहार. डिसेंबर 2016 मध्ये, नोटाबंदीच्या ऐन धामधुमीत, अख्ख्या महिन्यात जेमतेम वीस लाख झाले होते. सेकंदाला एकसुद्धा पडत नव्हता. नऊ वर्षांच्या आत दहा हजार पट!

आता हेच काम माणसांनी करायचं ठरवलं तर? प्रत्येक व्यवहाराच्या दोन नोंदी: एका खात्याच्या नावे, दुसऱ्याला जमा. एका लिपिकाने मान वर न करता मिनिटाला एक नोंद केली, तर आठ तासांत 480 होतील. ऑगस्टमध्ये रोज सरासरी साडेचौसष्ट कोटी व्यवहार झाले, म्हणजे 129 कोटी नोंदी. त्यासाठी जवळपास 27 लाख लिपिक लागले असते, तेही रविवारची सुट्टी न घेता. देशातल्या सगळ्या शेड्यूल्ड बँकांतली माणसं, शिपायापासून अध्यक्षापर्यंत, मोजली तरी सतरा-अठरा लाखांच्या घरातच जातात.

मग या 27 लाखांच्या नोकऱ्या यंत्राने खाल्ल्या का? नाही. त्या कधी नव्हत्याच. पंधरा रुपयांच्या वडापावची नोंद दोन बँकांच्या खतावण्यांत करावी, असं कुणाच्या स्वप्नातही आलं नव्हतं, कारण नोंदीचा खर्च वडापावपेक्षा जास्त झाला असता. नवं तंत्रज्ञान काय बदलेल याचा अंदाज बांधताना आपण इथेच चुकतो, असं मला ठामपणे वाटतं. आज होणाऱ्या कामांची यादी करून त्यातली किती जातील ते आपण मोजतो. परवडत नाही म्हणून जे काम कुणी हातातच घेत नाही, ते त्या यादीत नसतं. आणि मोठी उलथापालथ तिथेच होते.

ऐंशीच्या दशकात बँकांत संगणक येऊ घातले, तेव्हा कर्मचारी संघटनांनी लिपिकांच्या पोटावर पाय येईल म्हणून कडवा विरोध केला. ती भीती खोटी नव्हती. नव्वदीच्या सुरुवातीला बँकांतले निम्मे कर्मचारी लिपिक होते. 2021 पर्यंत हे प्रमाण पाव हिश्श्याच्याही खाली आलं. पण त्या वादात कोणत्याच बाजूने भाजीवाल्याचा विचार केला नव्हता. बँकेच्या कारभाराशी त्याचा संबंधच काय, असं दोघांनाही वाटत असणार.

आज संध्याकाळी सहाला कुठल्याही स्टेशनबाहेरच्या वड्याच्या गाडीपाशी उभं राहून पाहा. गाडीवाल्याचे दोन्ही हात बेसनात. समोर आठ-दहा गिऱ्हाइकं. कुणी पैसे भरले आणि कुणी नुसताच फोन पुढे धरून पसार झाला, हे बघायला त्याला सवड नाही. तेलाच्या डब्याला टेकवलेला छोटा स्पीकर बोलतो, ‘पंधरा रुपये मिळाले’, आणि तो मान न वळवता पुढचा पाव चिरतो. त्या डबीत स्वतंत्र सिमकार्ड असतं आणि तिचं महिन्याला शंभर-सव्वाशे रुपये भाडं असतं. सुट्ट्या पैशांची कटकट गेली, सुट्ट्यांऐवजी गोळी हातावर टेकवणं गेलं. दुकानदारांना होणाऱ्या दर दहा यूपीआय व्यवहारांतले आठ तरी पाचशे रुपयांच्या आतले असतात. 2001 कोटींच्या डोंगराचा मोठा भाग असल्या छोट्या रकमांचाच आहे.

या नोंदींच्या आधारे गाडीवाल्याला कर्ज मिळू लागलं, हे चांगलंच झालं. पण नोंद दुसऱ्यालाही दिसते. जुलै 2025 मध्ये बेंगळुरूच्या छोट्या विक्रेत्यांच्या हातात वाणिज्य कर खात्याच्या नोटिसा पडल्या, यूपीआयची जमा रक्कम पाहून. मालाच्या विक्रीवर जीएसटी नोंदणीची मर्यादा वर्षाला 40 लाखांची आहे. ऐकायला मोठी, पण रोजचा गल्ला अकरा हजारांवर गेला की ती ओलांडली जाते, आणि त्यातला नफा किती हे रक्कम सांगत नाही. ताज्या भाजीला आणि सुट्ट्या दुधाला जीएसटी नाही, हेही ती सांगत नाही. मेव्हण्याने परत केलेले उसने पैसेसुद्धा त्यातच धरले जातात. विक्रेत्यांनी क्यूआर कोड काढून टाकले आणि ‘फक्त रोख’ अशा पाट्या लावल्या. शेवटी मागची थकबाकी वसूल करणार नाही, असं राज्य सरकारला जाहीर करावं लागलं. कर चुकवू नये, हे खरंच. पण कच्च्या आकड्यावरून आधी नोटीस आणि मग चौकशी, हा क्रम उलटा आहे.

इतक्या नोंदींचा ताण खुद्द यंत्रणेवरही पडतो. 12 एप्रिल 2025 ला यूपीआय काही तास कोलमडलं, त्याचं कारणही पाहण्यासारखं आहे. अडकलेला व्यवहार झाला की नाही, हे काही बँका यंत्रणेला पुन्हा पुन्हा विचारत राहिल्या आणि त्या विचारणांच्या लोंढ्यानेच ती गुदमरली. पुढे 1 ऑगस्टपासून एका ॲपवर दिवसाला पन्नासच वेळा शिल्लक पाहता येईल, असा नियम आला. या प्रमाणावर साधं ‘झालं का?’ विचारणंही ओझं होतं.

एआयबद्दल बोलताना मी हेच माप लावतो: परवडत नाही म्हणून आधी न होणारं कोणतं काम आता होऊ लागेल? कॉल सेंटरचं उदाहरण घ्या. दिवसभरातल्या शेकडो कॉलपैकी पर्यवेक्षक मूठभरच ऐकायचा. सगळे ऐकायला तेवढीच माणसं पुन्हा नेमावी लागली असती. यंत्राला सगळे ऐकणं परवडतं. प्रत्येक वाक्य, आवाजाची पट्टी, दोन वाक्यांतली शांतता, सगळ्याला गुण. हे काम कुणाचं हिरावलेलं नाही, ते आधी नव्हतंच. पण फोनवर बोलणाऱ्या मुलीची नोकरी त्याने पार बदलते. वडापाववाल्यासारखीच तिचीही बारीकसारीक गोष्ट आता नोंदली जाते. फरक इतकाच की वडापाववाल्याला निदान त्याची नोंद ऐकू येते.

डिजिटल व्यक्तिगत डेटा संरक्षण कायदा, 2023 नोकरीच्या कारणासाठी कर्मचाऱ्याची माहिती संमतीशिवाय वापरू देतो. आणि आपली कोणती माहिती जमवली आहे हे मागून पाहण्याचा हक्क त्या कायद्याने संमती दिलेल्यांपुरताच ठेवला आहे. म्हणजे संमती विचारलीच नाही, तर पाहण्याचा हक्कही नाही. नोकऱ्या किती जाणार याच्या भाकितांवर परिसंवाद खूप झाले. एआयच्या अशा नोंदी सेकंदाला साडेसात हजारांवर पोचायच्या आत कायद्यातलं हे भगदाड बुजवा, ही मागणी कामगार संघटनांनी आजच लावून धरायला हवी.