विश्लेषण : गाडी ‘मॉडिफाय’ केली म्हणजे ती ‘कस्टम’ झाली का?

उंच टायर, छतावर दिव्यांची रांग, पुढे लोखंडी बंपर, मागे गुरगुरणारा सायलेन्सर. पावसाळा सुरू झाला की शनिवार-रविवारी कर्जत आणि खालापूर तालुक्यांतल्या रस्त्यांवर अशा गाड्या हमखास दिसतात. मुंबई, ठाणे, पुण्याहून फार्महाऊसकडे आणि धबधब्यांकडे निघालेल्या या गाड्यांना मालक अभिमानाने ‘कस्टम’ म्हणतात. पण बाजारातून आणलेले सुटे भाग बसवणे आणि गाडी खऱ्या अर्थाने आपल्या गरजेबरहुकूम घडवणे, या दोन गोष्टी एक नाहीत. हा फरक केवळ हौसेचा नाही. त्यात पैसा, सुरक्षितता, विमा आणि कायदा असे सगळेच गुंतलेले आहे.

‘मॉडिफाइड’ आणि ‘कस्टम’ यांत नेमका फरक काय?

कारखान्यातून आलेल्या गाडीत केलेला कोणताही बदल म्हणजे मॉडिफिकेशन. सीट कव्हरपासून इंजिनापर्यंत काहीही त्यात येते. कस्टम या शब्दाचा मूळ अर्थ मात्र ‘एका ग्राहकासाठी, त्याच्या मापाने बनवलेले’ असा आहे. तयार शर्टाला वेगळी बटणे लावणे आणि शिंप्याकडून माप देऊन शर्ट शिवून घेणे, असाच हा फरक.

मोटारीच्या सुरुवातीच्या काळात माप देऊन गाडी शिवून घेणे शक्य होते. रोल्स-रॉइससारखी कंपनी चाके, इंजिन आणि सांगाडा म्हणजे चॅसी तेवढी विकत असे. वरची बॉडी ग्राहक वेगळ्या कारागिराकडून बांधून घेई. संस्थानिकांच्या शिकारीच्या, मिरवणुकीच्या आणि पडदानशीन स्त्रियांसाठीच्या गाड्या अशाच घडल्या. आजच्या बहुतेक मोटारींत बॉडी आणि सांगाडा एकच असतो. पत्र्याचा प्रत्येक भाग भार पेलतो आणि अपघाताचा धक्का शोषतो. त्यामुळे एक भाग कापला तर संपूर्ण गाडीची ताकद बदलते. थार, बोलेरो किंवा जुनी जीप यांना अजूनही वेगळी चॅसी असते. या गाड्यांवर जास्त प्रयोग होण्याचे हे एक महत्त्वाचे कारण.

कर्जत तालुक्यातले ‘कस्टम’ यंत्र कोणते?

खऱ्या कस्टम यंत्राचा उत्तम नमुना पाहायला लांब जायला नको. गंमत म्हणजे ती मोटार नाही, आणि ज्या गावासाठी ती घडली तिथे मोटारींना प्रवेशच नाही. ते यंत्र म्हणजे नेरळ-माथेरान मार्गाचे वाफेचे इंजिन.

अब्दुल हुसेन आदमजी पीरभॉय यांनी हा मार्ग १९०१ ते १९०७ या काळात बांधला. दोन फुटी रूळ, वीस फुटांमागे एक फूट चढ आणि डोंगराच्या कडेने जाणारी अतिशय तीव्र वळणे. नेहमीचे इंजिन इथे चाललेच नसते. चाकांची संख्या कमी केली तर चढावर पकड पुरत नाही, आणि वाढवली तर लांबलेले इंजिन वळणावर अडकते. बार्शी लाइट रेल्वेचे शिल्पकार एव्हरार्ड कॅलथ्रॉप यांनी यावर उपाय म्हणून सहा चाकी इंजिनाचा आराखडा केला. त्याचे पुढचे आणि मागचे आस पोकळ ठेवले, म्हणजे वळणावर ती चाके थोडी सरकू आणि फिरू शकत. जर्मनीच्या ओरेनस्टाइन आणि कॉपेल कंपनीने अशी चार इंजिने बनवून दिली.

या इंजिनांना कस्टम का म्हणायचे? ती वेगळी दिसत होती म्हणून नव्हे. वाट आधी ठरली, अडचण नेमकी समजली आणि मग चाकापासून आसापर्यंत सगळे त्या अडचणीभोवती जुळवले गेले. इंजिन किती वेगाने पळेल हा प्रश्नच नव्हता. आजही या मार्गावरचा वेग ताशी १२ किलोमीटरच्या आसपास असतो.

टायर मोठे केल्याने काय बदलते?

हीच कसोटी आता थारला लावून पाहू. सध्याच्या थारच्या वरच्या प्रकारांत २५५/६५ आर १८ मापाचे टायर येतात. त्यांचा व्यास सुमारे ७८९ मिलिमीटर, म्हणजे ३१ इंच भरतो. हौशी मालक अनेकदा ३३ इंची, म्हणजे ८३८ मिलिमीटरचे टायर बसवतात. गाडी रुबाबदार दिसते. प्रत्यक्षात जमिनीपासूनची उंची वाढते ती व्यासातल्या फरकाच्या निम्मी, म्हणजे जेमतेम २५ मिलिमीटर. एक इंच.

त्या एका इंचाची किंमत मात्र बरीच असते. स्पीडोमीटर चाकाच्या फेऱ्या मोजतो. टायर सहा टक्के मोठा झाला की काटा ताशी १०० वर असताना गाडी हिशेबाने १०६ च्या वेगात असते. द्रुतगती मार्गावरचे कॅमेरे काट्याकडे नव्हे, गाडीच्या खऱ्या वेगाकडे पाहतात. मोठे चाक फिरवायला आणि थांबवायला जास्त जोर लागतो. म्हणजे बोरघाट चढताना इंजिन दमते आणि उतरताना ब्रेक जास्त तापतात. त्यात सस्पेन्शनखाली ठोकळे घालून गाडी आणखी उचलली, तर गुरुत्वमध्य वर जातो आणि वळणावर कलंडण्याचा धोका वाढतो. एबीएससारख्या यंत्रणा मूळ उंची, वजन आणि टायर गृहीत धरून जुळवलेल्या असतात. ते गृहीतकच बिघडते.

खरा कस्टम कारागीर म्हणूनच टायरपाशी थांबत नाही. टायर बदलला तर गिअरचे गुणोत्तर, ब्रेक, शॉक ॲब्सॉर्बर, स्टिअरिंगचे सांधे आणि स्पीडोमीटर हे सगळे त्याला पुन्हा जुळवावे लागते. अनेकदा तर तो गिऱ्हाइकाला टायर बदलूच नका असे सांगतो. वाडीवरच्या निसरड्या चढणीला उंच टायरपेक्षा फोर व्हील ड्राइव्हचा लो गिअर, चिखलाची पकड देणारी नक्षी आणि हवेचा योग्य दाब जास्त उपयोगी पडतात.

पाण्यातून जाण्यासाठी स्नॉर्कल पुरेसा असतो का?

बॉनेटच्या बाजूने वर जाणारी ती नळी, म्हणजे स्नॉर्कल, इंजिनाला उंचावरची हवा देते. तिचे काम तेवढेच. डिफरन्शियल आणि गिअरबॉक्सचे श्वासमार्ग खालीच राहिले तर तिथून पाणी आत ओढले जाऊन तेल खराब होते. वायरिंगचे जोड आणि इलेक्ट्रॉनिक कंट्रोल युनिट पाण्यात जाऊ शकतात. मुख्य म्हणजे वाहत्या पाण्यात गाडीचे वजन जणू कमी होते आणि प्रवाह तिला बाजूला ढकलतो. नळी उंच असली म्हणून चाकांची पकड वाढत नाही. पावसाळ्यात उल्हास किंवा पाताळगंगेच्या ओढ्या-नाल्यांवरचा फरशी पूल पाण्याखाली असेल, तर स्नॉर्कल असलेल्या गाडीनेही थांबायचेच असते.

कायदा काय सांगतो?

मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, उत्पादकाने मुळात ठरवलेल्या आणि नोंदणी प्रमाणपत्रात असलेल्या तपशिलाशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात हीच भूमिका स्पष्ट केली. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२ अ नुसार, परवानगी नसलेल्या बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा प्रत्येक बदलामागे ५ हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकते. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द महत्त्वाचे. चार बदल म्हणजे २० हजार.

लोखंडी बुल बारविरुद्ध कारवाई करण्याच्या सूचना केंद्राने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना दिल्या. असा बार पादचाऱ्याला घातक ठरतोच, शिवाय धडकेचा धक्का थेट चॅसीपर्यंत नेऊन एअरबॅगच्या कामातही अडथळा आणू शकतो. काचांवर काळी फिल्म लावण्यास सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये मनाई केली. रंग बदलता येतो, पण त्याची आरटीओत नोंद करावी लागते. जुन्या जीपच्या हौशींनी आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी. लष्करी ऑलिव्ह हिरवा रंग संरक्षण खात्याच्या वाहनांसाठी राखीव आहे.

विम्याचे गणितही यालाच जोडलेले आहे. विमा कंपनीला न कळवता केलेला बदल अपघाताशी संबंधित ठरला, तर भरपाईचा दावा अडकू शकतो. मूळ वायरिंग कापून जादा दिवे जोडले असतील तर कंपनीची वॉरंटीही धोक्यात येते.

मग कायदेशीर ‘कस्टम’ गाडी असूच शकत नाही का?

असू शकते. सीएनजीसारख्या वेगळ्या इंधनावर गाडी चालवण्यासाठी मान्यताप्राप्त किट बसवता येते. त्याहून महत्त्वाची तरतूद दिव्यांग व्यक्तींसाठी आहे. पायाने ब्रेक दाबता येत नसेल तर ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हाताच्या दांड्यावर घेता येतात. कायद्यात अशा वाहनाची वेगळी व्याख्या आहे आणि २०१९ च्या दुरुस्तीने हा बदल करून घेण्याची वाट अधिक स्पष्ट केली. बदल विहित अटींत बसवायचा, आरटीओकडून तपासून घ्यायचा आणि आरसीवर नोंदवायचा. बाहेरून ही गाडी चारचौघींसारखीच दिसते. तरी एका माणसाच्या शरीराला आणि गरजेला जुळवलेली असल्याने कस्टम या शब्दाला ती इतर कुणाहीपेक्षा जास्त पात्र ठरते.

देवराष्ट्रेच्या गाडीने कोणता प्रश्न उभा केला?

गरज आणि कौशल्य आहे, पण कागद नाही, अशी स्थिती आली तर काय होते, हे सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावाने दाखवले. तिथले दत्तात्रय लोहार यांनी मुलाच्या हट्टाखातर भंगारातल्या भागांपासून सुमारे ६० हजार रुपयांत छोटी जीप बनवली. ती किक मारून सुरू होई. डिसेंबर २०२१ मध्ये तिची चित्रफीत देशभर गाजली. ही गाडी कोणत्याही नियमात बसत नाही आणि आज ना उद्या रस्त्यावर अडवली जाईल, याकडे लक्ष वेधत उद्योगपती आनंद महिंद्रा यांनी तिच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. जानेवारी २०२२ मध्ये ही अदलाबदल झाली.

शेवट गोड झाला, पण मूळ प्रश्न कायम राहिला. एखाद्या कारागिराने एकच गाडी बनवली तर ती तपासून रस्त्यावर आणण्याची परवडणारी व्यवस्था आपल्याकडे नाही. पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थांत होणारी प्रमाणन चाचणी हजारो गाड्या बनवणाऱ्या कंपनीला पेलते. एका लोहाराला ती कशी झेपणार? दुसरीकडे, तपासणीच नको म्हणावे तर घाटात त्या गाडीचा ब्रेक लागेल याची हमी समोरून येणाऱ्याला कोण देणार?

गाडी बदलण्यापूर्वी काय तपासावे?

पहिली कसोटी गरजेची : हा बदल कोणत्या रस्त्यासाठी, कोणत्या कामासाठी, कोणत्या माणसासाठी आहे? याचे एका वाक्यात उत्तर देता येत नसेल तर ती सजावट आहे. सजावटीत वाईट काही नाही, पण तिला सजावटच म्हणावे. दुसरी जुळणीची : या बदलाने ब्रेक, स्टिअरिंग, दिवे आणि वजनाचा तोल यांवर काय परिणाम होईल, हे गॅरेजवाल्याला सांगता येते का? तिसरी कागदाची : हा बदल आरसीवर आणि विम्याच्या पॉलिसीवर लिहून घेता येईल का? कर्जत-खालापूरच्या रस्त्यांवर आठवड्याच्या शेवटी दिसणाऱ्या किती गाड्या या तिन्ही प्रश्नांना ‘हो’ म्हणू शकतील, याचा हिशेब मालकांनी पुढचा सुटा भाग विकत घेण्याआधी करायला हवा.