संग्रही दाखल कराव्यात अशा दोन तबकड्या

तेल्हाऱ्यासारख्या तालुक्याच्या गावी राहून पाश्चात्त्य संगीताचा संग्रह करू इच्छिणाऱ्या रसिकांनी, महाराष्ट्राच्या भूमीशी ज्यांचा प्रत्यक्ष ऋणानुबंध आहे अशा तबकड्या प्रथम संग्रही दाखल कराव्यात, अशी माझी आग्रहाची शिफारस आहे. बीटल्सपैकी जॉर्ज हॅरिसन याने जानेवारी १९६८ मध्ये मुंबईच्या एचएमव्ही ध्वनिमुद्रणगृहात भारतीय वादकांना पाचारण करून ज्याचा मोठा भाग मुद्रित केला, तो ‘वंडरवॉल म्युझिक’ हा अ‍ॅपल रेकॉर्ड्सचा पहिलाच अल्बम असून, त्यातील शिवकुमार शर्मांचे संतूर आणि सनईचे करुणगंभीर स्वर ऐकताना पूर्व-पश्चिमेचा भेद माझ्या मनातून सर्वस्वी लोप पावतो. पाचगणीच्या सेंट पीटर्स शाळेत शिकलेल्या फ्रेडी मर्क्युरीच्या कंठाने अजरामर झालेला क्वीनचा ‘अ नाइट अ‍ॅट द ऑपेरा’ (१९७५) सुलभतेने मिळतो. तथापि प्रथम खरेदी ‘वंडरवॉल’चीच करावी.