चेंबरचा नट

सकाळी ८.१०. आर्णी रोडवरचं गॅरेज. पुढे टिनाचं शेड, मागे सामानाची खोली, मधोमध माणूस उभा राहील एवढा खड्डा. डिसेंबरचा दुसरा आठवडा, त्यामुळे यवतमाळात हुडहुडी आहे. माझी वॅगन आर नऊ वर्षांची झाली. तिचं ऑइल बदलायचंय, आणि हे काम इथून पुढे कुठे आणि किती दिवसांनी करायचं तेही ठरवायचंय. मिस्त्रींनी गाडीकडे पाहिलं. "तुमचा नंबर सायंकाळीच लागन. बसा न भाऊ, पाहा." मी बसलो.

८.३५. हाताखालचा पोरगा पाने लावतोय. वय एकोणीस, आयटीआय झालेला, रोज ४०० रुपये. रिंग पाने एका ओळीत, गोटी पान्याचा डबा उघडा, दोन घमेली, नरसाळं, बनियनच्या चिंध्यांचा ढीग. त्याची आई सध्या कापूस वेचायला जाते. किलोला १० रुपये मिळतात. चाळीस किलो वेचला तर तिचा रोज पोराएवढा होतो.

९.००. पहिली गाडी काळी-पिवळी. यवतमाळ-घाटंजी, एक बाजू चाळीसेक किलोमीटर, दिवसाला चार खेपा. महिनाभरात जवळपास पाच हजार किलोमीटर होतात, म्हणून ऑइलही दर महिन्याला. ड्रायव्हर डबा स्वतःच घेऊन आलाय. त्याला तारीख विचारावी लागत नाही. पगार होतो तसं त्याचं ऑइल होतं.

गाडी चालत आलेली, इंजिन तापलेलं. हे महत्त्वाचं. थंड ऑइल घट्ट असतं, सगळं उतरत नाही, गाळ तळाशी राहतो. मिस्त्री खड्ड्यात उतरले. पोराने वरचं भरण्याचं झाकण सैल केलं. खाली चेंबरचा, म्हणजे ऑइल सोडायचा, नट. आधी पान्याने, मग दोन बोटांनी. शेवटचा आटा सुटताना मिस्त्रींनी हात झटकन बाजूला घेतला आणि काळी धार घमेल्यात पडली. नट त्यांच्या बोटांतच राहिला. "नवीन पोरगा असला की नट घमेल्यात पडते. मंग शोधत बसा गरम ऑइलात."

धार जाड होती, मग बारीक झाली, मग थेंब पडू लागले. पंधरा मिनिटं कोणी घाई केली नाही. ड्रायव्हर तेवढ्यात चहा पिऊन आला. नव्या फिल्टरच्या रबरी रिंगला मिस्त्रींनी बोटाने ताजं ऑइल लावलं, फिल्टर हाताने बसवला आणि रिंग टेकल्यावर अजून पाऊण फेरा दिला. पान्याने आवळला नाही. कोरडी रिंग पुढच्या वेळी चिकटून बसते. मजुरी २५०. ओळखीचा माणूस, २०० दिले.

१०.२०. निवृत्त गुरुजी आले. गाडी ऑल्टो, वर्षभरात फक्त १,४०० किलोमीटर चाललेली. "एवढ्यात ऑइल कशाला बदलायचं?" गुरुजींचा प्रश्न बरोबर वाटला. मिस्त्रींनी उत्तर दिलं नाही. ऑइल भरायचं झाकण काढलं आणि उलटं करून गुरुजींच्या हातात दिलं. आतल्या बाजूला फिकट पिवळा, सायीसारखा थर.

गाडी घरून दत्त चौकात जाते, बँकेत जाते, परत येते. इंजिन नीट तापायच्या आत बंद होतं. आत धरलेलं पाणी उडून जात नाही, थोडं पेट्रोलही ऑइलात उतरतं. किलोमीटर झाले नसले तरी ऑइल म्हातारं होतं. म्हणून वर्षातून एकदा बदलायचंच. "आन महिन्यातून दोनदा कळंबले चिंतामणीच्या दर्शनाले जात जा, गुरुजी. इंजिनबी तापन." गुरुजी झाकणाकडे बराच वेळ पाहत होते. मग म्हणाले, बदला.

११.३०. एक ग्रामसेविका नवी गाडी घेऊन आल्या, आठ महिन्यांची. मिस्त्रींनी बॉनेटही उघडलं नाही. "ताई, वॉरंटी हाय तोवर कंपनीतच जा. बिल जपून ठेवा." हाती आलेलं २५० रुपयांचं काम दोन वाक्यांत परत पाठवलं. एवढ्यावरच माझं अर्धं ठरलं.

१२.१५. पिकअप. कापूस जिनिंगला टाकून सरळ इकडेच आली आहे. हौद्यात सरकी चिकटलेली, रेडिएटरच्या जाळीवर रुई. एअर फिल्टर काढला तर त्यावर धुळीची गादी आणि मध्ये कापसाचे धागे. पोराने आतून बाहेर हवा मारली. शेडात पांढरं उडालं.

डिपस्टिक पुसून घातली, काढली. ऑइल खालच्या खुणेच्याही खाली. बदलून नऊ हजार किलोमीटर झालेले. मालक गावात दहा एकर कापूस लावतो आणि हंगामात भाड्याने माल नेतो. "कापसाचा चुकारा झाला की बदलतो, मिस्त्री. आज लिटरभर टाकून द्या." मिस्त्रींनी ऑइल बोटांत घेऊन चोळलं आणि ते बोट त्याच्यासमोर धरलं. "वरून टाकल्यानं माप भरते. खालचा कचरा तसाच राह्यते." पिकअपवाल्याला हे माहीत होतं. माहीत नसल्याने पुढे ढकलणारे थोडेच. इंजिनचं काम निघालं तर चाळीस-पन्नास हजार जातात, पण तो खर्च आज नसतो. नवं ऑइल आणि फिल्टरचे दोन हजार मात्र आज द्यावे लागतात.

मिस्त्रींनी वही काढली. ऑइल, फिल्टर, मजुरी मिळून २,३५०, उधार. गाडी खड्ड्यावर घेतली.

१.४०. जेवण. डब्यात ज्वारीची भाकर, सोलेभाजी, ठेचा. हात आधी रॉकेलने धुतले, मग साबणाने, तरी नखांच्या कडा काळ्याच. एका डब्यात तिघे जेवलो.

२.३०. रिकामे डबे. पोराने स्क्रू-ड्रायव्हर आणि हातोडी घेतली आणि प्रत्येक डब्याच्या बुडाला भोक पाडलं. भंगारवाला भोक पडलेलं प्लास्टिक किलोने घेतो. अख्ख्या डब्याला, झाकणासकट, पंधरा-वीस रुपये देणारे वेगळेच लोक फिरतात. त्या डब्यांत पुन्हा काय भरलं जातं ते मिस्त्रींना ठाऊक आहे. तुम्ही कुठेही ऑइल बदला, डब्याचं सील तुमच्यासमोर तुटलं पाहिजे आणि डब्याला तुमच्यासमोर भोक पडलं पाहिजे.

जळकं ऑइल मागच्या २०० लिटरच्या ड्रममध्ये जातं. सेंट्रिंगवाला प्लेटांना लावायला पाच लिटर मागायला आला होता. मिस्त्रींनी नाही म्हटलं. नियमाने ते नोंदणी असलेल्या शुद्धीकरणवाल्याकडेच जायला हवं. ड्रम भरला की त्याची गाडी येते. पूर्वी ते मागच्या नालीत जायचं, हेही त्यांनीच सांगितलं. तेव्हा पावसाळ्यात शेजारच्या विहिरीवर तवंग यायचा.

३.४५. वणीची स्विफ्ट, डिझेल. मूळ फियाटचं १.३ लिटरचं इंजिन. मारुतीने २०२० मध्ये डिझेल गाड्या बंद केल्या, त्यामुळे आहे ते जपलंच पाहिजे. मालकाचं म्हणणं, पुस्तकात १०,००० लिहिलंय आणि आत्ता कुठे ७,००० झालेत. मी डॅशबोर्डच्या कप्प्यातून पुस्तक काढलं. १०,००० च्या तक्त्यानंतर दुसरा भाग होता: धुळीचे रस्ते, सतत जवळच्या फेऱ्या, जास्त ओझं असेल तर लवकर बदला. ते पान कोणी उघडलेलंच नव्हतं. ही गाडी रोज उकणीच्या कोळसा खाणीकडे जाते. धूळ म्हणायची ती आणखी कोणती?

मालकाने डिपस्टिक दाखवली. "काळं तर मागच्या वेळी आठ दिवसांतच झालं होतं." मिस्त्री म्हणाले, डिझेलचं ऑइल काळं होणारच, काजळी धरून ठेवणं हे त्याचं कामच आहे. रंगावर जाऊ नका, रस्त्यावर जा. टर्बोची बेअरिंगही ह्याच ऑइलावर फिरते. बदललं.

५.१०. माझा नंबर. मिस्त्री खड्ड्यात उतरले आणि गप्प झाले. पाना फिरत होता, पण नट खाली येत नव्हता. थोडी ओढ देत फिरवला तेव्हा सुटला. ऑइल उतरल्यावर त्यांनी नट टॉर्चखाली धरला. आट्यांत धातूची बारीक तार गुंडाळलेली. मागच्या वर्षी एका मोठ्या वर्कशॉपमध्ये ५,२०० रुपये देऊन सर्व्हिसिंग केलं होतं. मी काचेच्या पलीकडे सोफ्यावर बसलो होतो. नट हवेच्या गनने आवळला गेला असणार. मी पाहिलंच नव्हतं, तर बोलू काय?

पोरगा सायकलवर जाऊन एक साइज मोठा नट घेऊन आला, १२० रुपये. मिस्त्रींनी नवे आटे पाडायच्या टॅपला ग्रीस लावलं, म्हणजे चुरा ग्रीसला चिकटतो. अर्धा फेरा पुढे, पाव फेरा मागे. वीस मिनिटं मान वर करून हेच काम. मग थोडं नवं ऑइल वरून ओतून खालून वाहू दिलं, उरला चुरा निघून गेला. नट आधी बोटांनीच पूर्ण चढवला, शेवटी आखूड पान्याने आवळला. लांब पाना घेतलाच नाही.

साडेतीन लिटरचा डबा १,४५०, फिल्टर ११०, नट १२०, मजुरी २५०. आटे पाडल्याचे वेगळे मागितले नाहीत. मी १०० जास्त दिले, ते पोराच्या खिशात गेले. डब्यात उरलेलं ऑइल माझ्या डिकीत.

६.४०. इंजिन चालू केलं, ऑइलचा दिवा विझला, बंद केलं. पाच मिनिटांनी डिपस्टिक पाहिली. दोन खुणांच्या मध्ये, वरच्या खुणेपेक्षा जरा कमी. "शेतात किती जाता?" दर शनिवारी, नेरच्या पुढे, शेवटचे सहा किलोमीटर कच्चा रस्ता. मिस्त्रींनी क्षणभर विचार केला आणि फिल्टरवर पांढऱ्या रंगाने लिहिलं: ६४,३१०. त्याखाली ७०,०००. "नाही त दिवाळी. जे आधी येईन ते."

७.३०. दिवसभरात पाच गाड्यांचं ऑइल, दोन पंक्चर, एक क्लच वायर. पोराचे ४०० दिले. शेडाचं भाडं महिन्याला ६,०००, त्याचे दिवसाचे २०० बाजूला काढले. पिकअपचं पान वहीत दुमडून ठेवलं. निघताना मिस्त्रींनी फिल्टरचं रिकामं खोकं उकलून त्याचा पुठ्ठा माझ्या हातात दिला. रात्री चेंबरखाली ठेवा, सकाळी पाहून फोन करा.

दुसऱ्या दिवशी सकाळी ६.४५. वाकून पुठ्ठा ओढला. कोरडा होता. कडुनिंबाचं एक पान त्यावर येऊन पडलं होतं. फोन लावला. मिस्त्री अजून घरीच होते.

"बरं झालं," म्हणाले. "पंधरा दिवसांनी एकदा इकडून जासान तवा दाखवून जा."