मनगटावरच्या तीन ओळी

रस्त्याच्या कडेला माणूस पडलेला दिसला, की जमलेल्या लोकांच्या तोंडी पहिले वाक्य येते : "पिऊन पडलाय." माणूस आपल्या वस्तीतला असला आणि अंगावर कामाचे मळके कपडे असले, तर त्या वाक्यावर कोणी शंकाही घेत नाही. घाम फुटलेला, बोलणे अडखळणारे, पाय लटपटणारे. ही लक्षणे दारूची वाटतात. पण रक्तातली साखर एकाएकी उतरली तरी हेच होते. लोक "झोपू द्या त्याला" म्हणून निघून जातात. साखर उतरलेल्या माणसाला मात्र झोपू देणे म्हणजे मरू देणे ठरू शकते.

अशा वेळी त्या माणसाला स्वतःबद्दल काही सांगता येत नाही. त्याच्या वतीने सांगणारी एक साधी वस्तू आहे : आजाराचे नाव कोरलेले धातूचे कडे. ते कोणी घालावे, त्यावर काय लिहावे आणि आपल्या फैजपूर-यावल भागात ते कसे करून घ्यावे, ते या वेळी पाहू.

ही कल्पना अमेरिकेतली. 1953 मध्ये कॅलिफोर्नियातील डॉ. मॅरियन कॉलिन्स यांच्या मुलीला बोटाला जखम झाल्यावर धनुर्वातावरच्या प्रतिविषाची (अँटिटॉक्सिनची) चाचणी दिली, तेव्हा औषधाची भयंकर ॲलर्जी होऊन ती मरता मरता वाचली. पुन्हा कोणी अनोळखी डॉक्टरने तिला तेच औषध दिले तर? या काळजीने घरच्यांनी आधी तिच्याजवळ चिठ्ठी ठेवली आणि पुढे चांदीच्या कड्यावर ॲलर्जीची नोंद कोरून घेतली. त्यातूनच 1956 मध्ये मेडिकअलर्ट ही संस्था उभी राहिली. कडे मनगटातच का? कारण बेशुद्ध माणसाची नाडी पाहायला हात मनगटाकडेच जातो.

कडे कोणाला हवे?

सगळ्यांना नको. नुसता रक्तदाब असलेल्यांना, किंवा साखरेसाठी फक्त मेटफॉर्मिनची गोळी घेणाऱ्यांना सहसा गरज पडत नाही. खाली दिलेल्यांनी मात्र आपल्या डॉक्टरांना विचारून कडे करून घ्यावे :

इन्सुलिन घेणारे, किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणारे. गोळी घेतली आणि कामाच्या घाईत जेवण राहिले, की साखर उतरते. पहाटे केळीच्या बागेत घड कापायला जाणाऱ्यांच्या बाबतीत हे सहज घडते.

मिरगीचे, म्हणजे फिट येणारे रुग्ण.

सिकलसेलचे रुग्ण. हा आजार सातपुड्याच्या पायथ्याच्या आदिवासी पाड्यांत आहे, तसाच विदर्भातील बौद्ध कुटुंबांतही मोठ्या प्रमाणावर आढळतो, आणि आपल्या सोयरिकी तिकडे आहेत. या रुग्णाला भूल देण्याआधी, रक्त देण्याआधी डॉक्टरांना आजार माहीत असावा लागतो. जो फक्त वाहक आहे, त्याला सहसा कड्याची गरज नाही. तपासणीनंतर मिळालेले कार्ड त्याने जपून ठेवावे आणि लग्न जुळवताना दाखवावे.

हृदयाची झडप बदलल्यावर रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेणारे, हिमोफिलियाचे रुग्ण, पेसमेकर बसवलेले, आणि पेनिसिलिनसारख्या औषधाची गंभीर ॲलर्जी झाल्याचे डॉक्टरांनी सांगितलेले.

भांड्यांच्या दुकानात काम होते

"वैद्यकीय कडे" म्हणून मागायला गेलात तर बाजारात लवकर मिळणार नाही, आणि कोणी दाखवले तरी जास्त पैसे सांगेल. त्याची गरजही नाही. लग्नात आंदणाच्या भांड्यांवर नाव टाकून देणारा भांडीवाला आपल्या सगळ्यांना माहीत आहे. त्याच्या हातातले विजेवरचे कोरणीयंत्र पातेल्यावर नाव कोरते, तसेच पट्टीवरही कोरते. शील्ड आणि ट्रॉफी बनवणाऱ्यांकडे लेसर मशीन असेल तर अक्षर आणखी बारीक आणि स्वच्छ येते. सोनारही कोरून देतो.

कडे निवडताना एवढे पाहा :

धातू स्टेनलेस स्टील असावा. पिवळा मुलामा दिलेले कडे घेऊ नका. मुलामा उडतो आणि अक्षरेही पुसट होतात. ॲल्युमिनियम मऊ, त्यावरचे अक्षर झिजते. तांबे-पितळ घामाने काळे-हिरवे पडते. चांदी चांगली, पण ती चोरीला जाते, आणि घरात अडचण आली की गहाण पडते. स्टीलचे कडे कोणी गहाण ठेवून घेत नाही, म्हणून ते हातातच राहते.

गोल सळईच्या कड्यावर अक्षर नीट बसत नाही. बोटाएवढ्या रुंदीची सपाट पट्टी असलेले घ्या. लहान मुलांसाठी टोके उघडी असलेले, वाढत्या हाताबरोबर सैल करता येणारे बरे. कडेची धार बोटाने चाचपून पाहा. काहींना धातूमुळे खाज येते. तसे झाले तर काढून ठेवा आणि डॉक्टरांना दाखवा.

मशीनवर, मळणीयंत्रावर, विजेच्या कामावर जाणाऱ्यांनी मनगटात धातूचे कडे घालू नये. ते अडकते, वीजही खेचते. त्यांनी कामावर असताना हेच शब्द लिहिलेले कार्ड शर्टाच्या वरच्या खिशात ठेवावे आणि सोबत्यांना आजार सांगून ठेवावा. एमआरआय तपासणीच्या वेळी कडे काढायचे असते. ज्या बायांच्या दोन्ही हातांत भरपूर बांगड्या असतात, त्यांनी एका हातातल्या बांगड्या कमी करून कडे वेगळे दिसेल असे घालावे.

तीन ओळी कोणत्या?

पहिली ओळ : नाव. दुसरी : आजार किंवा ॲलर्जी. तिसरी : फोन नंबर. एवढेच. उदाहरणार्थ, "डायबेटीस – इन्सुलिन", "एपिलेप्सी", "सिकलसेल रुग्ण", "पेनिसिलिन ॲलर्जी". आजाराची ओळ इंग्रजी लिपीत कोरून घेतलेली चांगली. आपली माणसे कामाला सुरतेला जातात, पाहुणपणाला बऱ्हाणपूरला जातात. तिथल्या डॉक्टरलाही ती वाचता यावी.

औषधाचे प्रमाण कोरू नका, ते बदलत असते. ते खिशातल्या कार्डावर लिहा. आधार नंबर, पूर्ण पत्ता, आडनाव कोरण्याची गरज नाही. रक्तगट कोरला तरी चालेल, पण रुग्णालय तो तपासल्याशिवाय रक्त देत नाही, म्हणून जागा कमी असेल तर सोडा.

कोरायला देण्याआधी मजकूर कागदावर मोठ्या अक्षरात लिहा आणि आशाताईंना, परिचारिकेला किंवा डॉक्टरांना दाखवून आजाराचे स्पेलिंग तपासून घ्या. फोन नंबर असा द्या जो दिवसा-रात्री उचलला जातो. शेवटी दुकानातच उभे राहून, कड्यावरचा नंबर वाचत वाचत फोन लावा. घरचा फोन वाजला, तरच पैसे द्या. एक आकडा चुकला तर सगळे कडे वाया.

हे कडे म्हणजे ताईत नव्हे

गंडा-दोरा आपण सोडला आहे, पण तो धातूचे रूप घेऊन परत येतो. साखर उतरवणारे चुंबकाचे कडे, रक्तदाब घालवणारे तांब्याचे कडे, "ऊर्जा" देणारा पट्टा. कधी घरोघर विकले जातात, कधी महिला मंडळाच्या बैठकीत. 2013 मध्ये ब्रिटनमधील यॉर्क विद्यापीठाच्या संशोधकांनी संधिवाताच्या 70 रुग्णांवर चुंबकाचे पट्टे आणि तांब्याची कडी वापरून पाहिली. खऱ्या आणि खोट्या कड्यांत वेदना किंवा सूज कमी होण्याच्या दृष्टीने काही फरक दिसला नाही. नुकसान केवळ पैशाचे नसते. कड्यावर भरवसा ठेवून माणूस गोळी बंद करतो, तिथे खरा धोका आहे.

कायदाही आपल्या बाजूने आहे. औषधे आणि जादूटोण्याच्या उपायांच्या आक्षेपार्ह जाहिरातींविरुद्धचा 1954 चा कायदा मधुमेह, मिरगी, रक्तदाब अशा आजारांवर इलाज असल्याच्या जाहिरातींना मनाई करतो. ताईत, मंत्र, कवच यांच्या जाहिरातीही त्यात येतात. असे काही विकले जात असेल तर अन्न व औषध प्रशासनाच्या जिल्हा कार्यालयात लेखी तक्रार करा. फसवणूक झाली असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा 1915 हा क्रमांक आहे.

या पानावर आम्ही कोणत्याही दुकानाचे किंवा कंपनीचे नाव छापत नाही, पत्रातून कोणी सुचवले तरी नाही. विहारात आणि मंडळातही असा एक नियम करावा असे आम्हाला वाटते : कोणी आरोग्याची वस्तू सुचवली, तर त्याने आधी सांगावे की ती विकून त्याला काय मिळते. प्रामाणिक माणसाला हे सांगायला अडचण नसते. वस्तू चांगली असेल तर ती या प्रश्नानंतरही चांगलीच राहते.

लपवू नका

सर्वात मोठी अडचण धातूची नाही, पैशाची नाही. "मुलीला फिट येते हे हातावर लिहून फिरवायचे का? स्थळ कसे येईल?" हा प्रश्न आई विचारते, आणि तो खरा आहे. त्यावर एक सोय आहे : अक्षरे पट्टीच्या आतल्या बाजूला कोरावीत आणि बाहेर फक्त वैद्यकीय खूण असावी. गरज पडली तर डॉक्टर पट्टी उलटून वाचतो, रस्त्यावरच्या माणसाला काही दिसत नाही.

पण लपवण्याची गरज वाटू नये, हेही बोलले पाहिजे. हिंदू विवाह कायदा बौद्धांनाही लागू आहे. वारंवार मिरगी येणे ही त्यात विवाहाला असलेली आडकाठी 1999 च्या दुरुस्तीने काढून टाकण्यात आली. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात सिकलसेल आणि हिमोफिलिया यांचा समावेश आहे. बाबासाहेबांनाही मधुमेह होता. तो अंगावर घेऊनच त्यांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' हा ग्रंथ लिहून पूर्ण केला. आजार ही लाज नव्हे.

कडे वाचता येणाऱ्याने काय करावे?

घालणारा एकटा आणि वाचणारा कोणी नाही, तर कडे म्हणजे नुसता लोखंडाचा तुकडा. म्हणून पडलेला माणूस दिसला, की आधी दोन्ही मनगटे आणि गळा पाहा. 108 ला फोन करून कड्यावरची ओळ वाचून सांगा. रुग्णवाहिका मोफत आहे.

मधुमेह असेल आणि माणूस शुद्धीवर असून गिळू शकत असेल, तर तीन चहाचे चमचे साखर पाण्यात विरघळवून द्या. पंधरा मिनिटांत बरे वाटले नाही तर पुन्हा द्या, आणि नंतर जेवायला घाला. बेशुद्ध असेल तर तोंडात थेंबही घालू नका, कुशीवर वळवा.

फिट आली असेल तर कांदा, चप्पल, किल्ली यातले काही नको. दातांत काही घालू नका, हातपाय दाबून धरू नका. डोक्याखाली मऊ कापड ठेवा, कुशीवर वळवा, घड्याळ पाहा. पाच मिनिटांपेक्षा जास्त चालली तर 108.

सिकलसेलच्या रुग्णाला ताप किंवा असह्य वेदना असतील तर घरी थांबू नका, पाणी पाजत दवाखान्यात न्या. एप्रिलच्या उन्हात जयंतीच्या मिरवणुकीत या रुग्णांच्या हातात पाण्याची बाटली हवीच.

6 डिसेंबरला भुसावळहून दादरची गाडी धरणाऱ्यांत वयस्क माणसे बरीच असतात. चैत्यभूमीच्या गर्दीत सोबतीचा हात सुटतो, फोनची बॅटरी संपते. त्याआधी विहारात एक दिवस ठरवा. आशाताईंना बोलवा, वस्तीत कोणाला कडे हवे त्यांची यादी करा, मजकूर तपासून घ्या आणि सगळी कडी एकाच वेळी कोरायला द्या. दुकानदारही दहा-वीस नगांचा भाव कमी लावतो. ज्यांना परवडत नाही त्यांचा खर्च मंडळाने उचलावा.