घोटा सारखा मुरगळतो? त्यावर इलाज आहे



कापूस वेचणी सुरू झाली की गटाच्या बैठकीत एक वाक्य हमखास ऐकू येतं, "माझा तो पाय कच्चाच आहे, कधीही वळते." आपली काळी जमीन वाळली की भेगा पडतात. धुऱ्यावरून चालताना ढेकूळ पायाखाली येतं, कमरेला कापसाचं ओझं असतं, आणि मागं मुरगळलेला घोटा पुन्हा दगा देतो. वेचणीची मजुरी किलोवर. चार दिवस घरी बसलं की चार दिवसांचे पैसे गेले. गटाचा हप्ता काही थांबत नाही. म्हणून या अंकात या "कच्च्या" पायाबद्दल.

पाय कच्चा का राहतो?

घोट्याच्या बाहेरच्या बाजूला हाडांना धरून ठेवणारे पट्टे असतात, त्यांना लिगामेंट म्हणतात. पाऊल आतल्या बाजूला वळलं की हे पट्टे ताणतात, कधी फाटतात. सूज उतरली की आपण कामाला लागतो. पण तीन गोष्टी मागे राहू शकतात.

पहिली, पट्टे सैल पडतात. दुसरी, सांधा एका बाजूने आखडतो. उकिडवं बसलं की त्या पायाची टाच उचलली जाते, ती यामुळेच. तिसरी सगळ्यात महत्त्वाची. पाऊल किती वळलं ही खबर घोट्याकडून मेंदूला जात असते. दुखापतीनंतर ती उशिरा पोचते. स्नायू सावरेपर्यंत पाय वळून गेलेला असतो.

पहिल्यांदा मुरगळल्याला वर्ष झालं आणि तरीही पाय लचकतो, भरवसा वाटत नाही, याला डॉक्टर "क्रॉनिक अँकल इन्स्टॅबिलिटी" म्हणतात, म्हणजे घोट्याची जुनाट अस्थिरता. हे नशीब नाही. बहुतेक वेळा ऑपरेशनशिवाय सुधारतं.

चोळणं आणि मॅन्युअल थेरपी, दोन्ही एक नाही

गावात पाय मुरगळला की कुणीतरी तेल लावून जोरात चोळतं, झटका देऊन "बसवतं". ताज्या दुखापतीत असं करू नका, आतली इजा वाढते. पहिले दोन-तीन दिवस शेकही नको. माठाच्या थंड पाण्याची घडी किंवा कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा मिनिटं ठेवा, क्रेप बँडेज बांधा, पाय उशीवर उंच ठेवा.

मॅन्युअल थेरपी म्हणजे फिजिओथेरपिस्टने हातांनी केलेला उपचार. आधी कोणतं हाड अडतंय ते तपासतात. मग टाचेच्या वरचं हाड हातात धरून हळूहळू मागे सरकवतात. यात तेल नाही, कडकड आवाज काढणं नाही. यामुळे आखडलेला सांधा मोकळा होतो, पाय नीट वाकतो. पण एवढ्यावर थांबलं तर फायदा टिकत नाही. हातांनी सांधा मोकळा होतो, ताकद आणि तोल मात्र रोजच्या व्यायामानेच येतो.

घरी करायचे चार व्यायाम

सूज उतरल्यावर, आणि शक्यतो फिजिओथेरपिस्टला एकदा दाखवूनच सुरू करा.

1. भिंतीकडे तोंड करून उभ्या राहा. पाऊल भिंतीपासून चार बोटं दूर. टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. 10 वेळा. दुसऱ्या पायाशी तुलना करा, फरक लगेच कळतो.
2. सायकलच्या जुन्या ट्यूबचा तुकडा बांधून गोल करा. पाय पसरून बसा, दोन्ही पावलांभोवती तो घाला आणि दुखरं पाऊल हळू बाहेर ढकला, हळूच परत आणा. 10 ते 15 वेळा.
3. भिंत धरून दोन्ही टाचा उचला, सावकाश खाली या. 15 वेळा. जमलं की एका पायावर.
4. भिंतीजवळ एका पायावर 30 सेकंद उभ्या राहा. सोपं वाटलं की घडी केलेल्या गोधडीवर.

आठवड्यातून पाच दिवस, निदान सहा आठवडे करा, पूर्ण भरवसा यायला तीन महिनेही लागतात. थोडा ताण चालतो. टोचल्यासारखं दुखलं किंवा संध्याकाळी सूज आली तर कमी करा. शुगर असून पायाला बधिरपणा असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय करू नका.

आधी डॉक्टरकडे कधी?

दुखापतीनंतर चार पावलंही टाकता येत नसतील, घोट्याच्या हाडावर दाबल्यावर खूप दुखत असेल किंवा पाय वाकडा दिसत असेल तर आधी एक्स-रे काढा. हाड मोडलेलं असू शकतं.

आपल्या जिल्ह्यात सेवाग्रामचं कस्तुरबा रुग्णालय आहे. सावंगी (मेघे) इथे आचार्य विनोबा भावे ग्रामीण रुग्णालय आणि रवी नायर फिजिओथेरपी कॉलेज आहे. आर्वी, हिंगणघाटकडच्या ताईंनी जवळच्या उपजिल्हा रुग्णालयात फिजिओथेरपिस्ट कोणत्या दिवशी असतात ते आधी विचारून घ्या, म्हणजे खेप वाया जाणार नाही. तिथे गेल्यावर आपण कोणतं काम करतो, किती ओझं उचलतो ते सांगा. व्यायाम करताना मोबाईलवर शूटिंग करून आणा.

शेतात सैल चपलेपेक्षा मागून पट्टा असलेली चप्पल किंवा बूट बरा. दवाखान्यात पट्टा दिला असेल तर वेचणीला जाताना लावा.

पुढच्या मासिक बैठकीत हिशेब झाल्यावर सगळ्यांनी भिंतीजवळ एका पायावर उभं राहून पाहू. हसू येईलच, पण जिचा पाय डगमगतो ती कळेल. तिला दवाखान्यात जायला पैसे कमी पडत असतील तर गटाच्या अंतर्गत कर्जातून द्या. ते कर्ज तिच्या मजुरीचंच रक्षण करतं.